विझलेल्या अल्युमिनिअमचा माग

सूर्यमालेचे वय 456 कोटी 73 लाख वर्षे आहे आणि या आकड्यात चुकीला जागा आहे ती अवघ्या 1 लाख 60 हजार वर्षांची. जेम्स कॉनेली आणि सहकाऱ्यांनी 2012 साली हा आकडा मांडला. पृथ्वीवरचा एकही खडक त्यांच्या उपयोगाचा नव्हता, कारण आपल्या जन्मकाळचा सगळा पुरावा पृथ्वीने केव्हाच वितळवून टाकला आहे. त्यांनी मोजले ते एफ्रेमोव्का नावाच्या उल्कापाषाणातले पांढरट कण. हा पाषाण 1962 मध्ये कझाकस्तानात सापडला. काळपट दगडात रुतलेले हे कण काही मिलिमीटरांचे, क्वचित सेंटिमीटरभर आकाराचे असतात. कॅल्शियम आणि अल्युमिनिअमने गच्च भरलेल्या मेलिलाइट, स्पिनेल, हिबोनाइट अशा खनिजांचे ते बनलेले असतात. तापलेला वायू निवताना सर्वांत आधी घट्ट होणारी खनिजे हीच, हे लॉरेन्स ग्रॉसमन यांनी 1972 मध्ये गणिताने दाखवले होते. ग्रह तर सोडाच, ग्रहांचा कच्चा मालही पुरता तयार झाला नव्हता तेव्हाचे हे कण आहेत.

वय कळले हे मोठेच काम झाले. पण या कणांनी सांगितलेली दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे, आणि मराठी वाचकाच्या कानावर ती फारशी आलेली नाही. तिचा एक महत्त्वाचा भाग अहमदाबादेत घडला.

आरंभ मेक्सिकोतला. 8 फेब्रुवारी 1969 रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास चिवावा राज्यात अलेंदे गावाच्या परिसरात आकाश उजळले आणि दगडांचा पाऊस पडला. दोन टनांहून अधिक माल गोळा झाला. कार्बनी कॉन्ड्राइट या दुर्मीळ जातीचा एवढा मोठा साठा आधी कुणाच्या हाती लागला नव्हता. आणि वेळ अशी, की अमेरिकेतल्या प्रयोगशाळा त्याच वर्षी चंद्रावरून येणाऱ्या मातीसाठी कंबर कसून बसल्या होत्या. कॅलटेकमध्ये जेराल्ड वासरबर्ग यांनी चंद्राच्या नमुन्यांसाठी अतिशय नेमका वस्तुमानमापक उभारला होता. चंद्राची माती जुलैत आली, अलेंदेचे दगड त्याच्या पाच महिने आधीच दारात होते.

याच गटातल्या टायफून ली, दिमित्री पापानास्टासिऊ आणि वासरबर्ग यांनी 1976 मध्ये अलेंदेच्या पांढऱ्या कणात मॅग्नेशियम-26 हा समस्थानिक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. आता हा जादा मॅग्नेशियम मुळातच तसा असेल, अशी शंका कुणीही घेतली असती. तिचे उत्तर फार सुंदर आहे. एकाच कणातली वेगवेगळी खनिजे त्यांनी मोजली. ज्या खनिजात अल्युमिनिअम जास्त, त्यात मॅग्नेशियम-26 चा जादा वाटाही त्याच प्रमाणात जास्त निघाला. म्हणजे खनिज घट्ट झाले तेव्हा अल्युमिनिअमच्या जागी काही किरणोत्सारी अल्युमिनिअम-26 चे अणू बसलेले होते आणि पुढे ते जागच्या जागी मॅग्नेशियम झाले. अल्युमिनिअम-26 चे अर्धायुष्य सुमारे 7 लाख वर्षे. सूर्यमालेच्या जन्मापासून अशी सहा हजारांवर अर्धायुष्ये उलटून गेली आहेत, त्या वेळचा एक अणूही आज शिल्लक असणे शक्य नाही. वाड्याच्या जोत्यावरून खोल्या ओळखाव्यात, तसा हा तर्क आहे. नसलेल्या अणूंची मोजदाद झाली: दर 1 लाख अल्युमिनिअम अणूंमागे सुमारे 5.

मग हे अणू आले कुठून? मोठ्या ताऱ्यांच्या पोटात अल्युमिनिअम-26 बनतो. ॲलेस्टर कॅमेरॉन आणि जेम्स ट्रुरान यांनी 1977 मध्ये सुचवले, की शेजारच्या ताऱ्याच्या स्फोटाने हा माल आणून टाकला आणि त्याच धक्क्याने आपला वायूचा ढग कोसळून सूर्य जन्मला. कल्पना मोहक होती. पण बालसूर्यानेच आपल्या कणांच्या माऱ्याने हे अणू घडवले असतील, असा दुसरा पक्षही होताच.

इथे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा येते. देवेंद्र लाल यांच्या गटाने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अपोलोचे चांद्र नमुने अभ्यासले होते. 1972 मध्ये लाल अहमदाबादला संचालक म्हणून गेले आणि त्यांच्याबरोबर ती परंपराही गेली. तिथे जितेंद्रनाथ गोस्वामी यांच्या गटाकडे आयन मायक्रोप्रोब होता. खनिजावर आयनांचा बारीक झोत सोडायचा आणि उडालेले अणू वस्तुमानानुसार वेगळे करायचे, हे त्याचे काम. 1994 मध्ये गोपालन श्रीनिवासन, अलेक्झांडर उल्यानोव्ह आणि गोस्वामी यांनी एफ्रेमोव्काच्या कणांत कॅल्शियम-41 चा माग काढला. त्याचे अर्धायुष्य अवघे 1 लाख वर्षे. तो विझून पोटॅशियम-41 होतो, आणि या खनिजांत पोटॅशियम नावापुरता असतो. त्यात कॅल्शियमचेच दोन अणू जोडीने, दुहेरी विद्युतभार घेऊन, नेमके वस्तुमान 41 च्या जागी येऊन दिशाभूल करतात. तो सगळा गोंधळ वजा करून उत्तर निघाले: मूळ प्रमाण दर 10 कोटी कॅल्शियम अणूंमागे जेमतेम दीड. नंतरच्या मोजमापांनी ते आणखी खाली आणले आहे, पण कॅल्शियम-41 होता, हे टिकले.

चार वर्षांनी संदीप सहिजपाल, गोस्वामी आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी मर्चिसन या ऑस्ट्रेलियातल्या उल्कापाषाणातले हिबोनाइटचे सूक्ष्म दाणे तपासले. ज्या दाण्यात अल्युमिनिअम-26 ची खूण, त्यात कॅल्शियम-41 चीही. ज्यात एक नाही, त्यात दुसराही नाही. दोघे जोडीने आले, एकाच ठिकाणाहून आले. तिथून निघून आपल्या खनिजांत बसेपर्यंत दहा लाख वर्षेही गेली नसावीत, नाहीतर कॅल्शियम-41 वाटेतच संपला असता. ताऱ्याच्या बाजूने इतकी भक्कम साक्ष आधी कुणी दिली नव्हती. वाद मात्र मिटला नाही. 2000 मध्ये केविन मॅकीगन आणि सहकाऱ्यांना अलेंदेच्या कणात बेरिलियम-10 ची खूण सापडली, आणि तो तर ताऱ्यांच्या पोटात बनतच नाही. थोडा वाटा तरी कणांच्या माऱ्याचा मानावा लागतो.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर काटोल आठवावे. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या आसपास उल्कापाषाण पडले. ते एल-6 प्रकारचे आहेत. यातला 6 हा आकडा सांगतो, की दगड आपल्या मूळ लघुग्रहात दीर्घकाळ भाजला गेला. ती भट्टी कशाची? हॅरल्ड यूरी यांनी 1955 मध्येच अल्युमिनिअम-26 कडे बोट दाखवले होते. राजस्थानात 1996 साली पडलेल्या पिपलिया कलां या पाषाणात, म्हणजे एकेकाळी वितळलेल्या लघुग्रहाच्या तुकड्यात, अहमदाबादच्याच शास्त्रज्ञांना 1999 मध्ये या अणूचा थेट पुरावा मिळाला.

या स्तंभाचा आग्रह इथेच आहे. जपानच्या हायाबुसा-2 यानाने र्‍यूगू लघुग्रहावरून 5.4 ग्रॅम माती आणली, अमेरिकेच्या यानाने बेन्नूवरून 121.6 ग्रॅम. या मोहिमा मोलाच्याच, कारण त्या मातीला पृथ्वीची हवा लागलेली नाही. पण 6 जून 2017 रोजी जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात सुमारे दोन किलोचा कार्बनी कॉन्ड्राइट आपण होऊन आला. त्यात पाणी धरणारी खनिजे असतात. पावसाळा तोंडावर असताना तो वेळेत हाती लागला हे नशीब. रॉकेट उडताना देश टाळ्या वाजवतो, ते योग्यच आहे. तेवढीच आस्था दगड मोजणाऱ्या यंत्रांबद्दल, ती वीस-वीस वर्षे नीट चालवणाऱ्या माणसांबद्दल आणि दगड सांभाळून ठेवणाऱ्या भांडारांबद्दल हवी. कॅल्शियम-41 चा शोध परक्या देशातल्या दगडात लागला, पण अहमदाबादेत लागला, कारण यंत्र आणि माणसे तयार होती.

गावपातळीवर करायचे काम तर बिनखर्चाचे आहे. असा दगड पडला तर तो धुऊ नये, फोडू नये, उघड्या हाताने हाताळू नये. लोहचुंबक तर अजिबात लावू नये, त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. पडल्याची जागा आणि वेळ लिहून ठेवावी, दगड स्वच्छ अल्युमिनिअमच्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याच दिवशी कळवावे. तलाठी आणि शाळामास्तरांपर्यंत एवढी माहिती पानभर पत्रकातून पोचवणे जिल्हा प्रशासनाला सहज जमण्यासारखे आहे, आणि ते येत्या पावसाळ्याआधी व्हावे.