फैलाव वाढवावा, पण चकतीपुरताच

आवळलेल्या तोंडाची बारा बोर जवळच्या लक्ष्याला फार कंजूष ठरते, ही तक्रार चोकइतकीच जुनी आहे. 1866 मध्ये न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने चोकचे पेटंट घेतले आणि 1874-75 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने तो रूढ केला. त्यामुळे छर्ऱ्यांचा पल्ला वाढला, पण जवळच्या नेमातल्या चुकीला पूर्वी मिळणारी सूट गेली. यावरचा उपाय तेव्हापासून काडतुसाच्या आतच शोधला जात आहे. बंदुकीला हात न लावता छर्रे लवकर विखुरतील अशी आतली रचना करायची, हेच पसरणारे काडतूस. आपल्याकडे त्याची चौकशी दोन प्रकारचे परवानाधारक करतात. एक वाडवडिलांची दुनळी घेऊन मातीच्या चकत्यांवर हात बसवू पाहणारा नवशिका आणि दुसरा रानडुकराने रान उकरले म्हणून वैतागलेला शेतकरी. या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. पहिल्याला आम्ही हे काडतूस जरूर वापरा म्हणू आणि दुसऱ्याला अजिबात वापरू नका म्हणू. दोन्ही सल्ल्यांमागचा हिशेब मात्र एकच आहे.

तो हिशेब फैलावाच्या जुन्या, सर्वमान्य आकड्यांवरून सुरू होतो. 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंची वर्तुळात फुल चोकचे सुमारे 70 टक्के छर्रे पडतात, हाफ चोकचे 60, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे 50 आणि सरळ नळीचे 40. एवढ्या लांबच्या पक्ष्याला किंवा ट्रॅपच्या चकतीला फुल चोकच हवा, यात वाद नाही. पण अंतर निम्मे केले की चित्र पालटते. 20 यार्डांवर फुल चोकच्या छर्ऱ्यांचा मुख्य भाग जेमतेम 16 इंचांच्या, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या वर्तुळात जातो, तर सरळ नळीचा 32 इंचांच्या, म्हणजे 80 सेंटिमीटरच्या. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. नवशिक्याचा नेम वीतभर चुकला तर फुल चोकची चकती शाबूत जाते आणि सरळ नळीची फुटते. स्कीटच्या मैदानावर चकत्या नेमबाजापासून साधारण 19 मीटरवर एकमेकींना छेदतात, म्हणजे नेमक्या याच पल्ल्यात. म्हणून स्कीटच्या बंदुकीचे तोंड मोकळे ठेवतात. जुनी घरगुती दुनळी स्कीटसाठी घडवलेली नसते, हा तिचा दोष म्हणता येणार नाही.

काडतुसात फैलाव वाढवायच्या युक्त्या चार आहेत आणि चारींचा स्वभाव वेगळा आहे. सर्वांत साधी म्हणजे छर्ऱ्यांभोवतीची प्लास्टिकची वाटी काढून नमद्याचा किंवा लगद्याचा डाट घालायचा. वाटी नसली की कडेचे छर्रे नळीला घासून चपटे होतात आणि बाहेर पडल्यावर भरकटतात. फैलाव थोडासाच वाढतो, पण काडतूस भरवशाचे राहते. दुसरी युक्ती छर्ऱ्यांच्या थरात पुठ्ठ्याची उभी फुली घालण्याची, ही सर्वांत जुनी. तिसरीत डाटाच्या मधोमध खुंटी असते किंवा छर्ऱ्यांच्या माथ्यावर दांडीची चकती बसवलेली असते. अमेरिकेतल्या पॉलिवॅड कंपनीची रचना अशीच आहे. तोंडातून बाहेर पडताच ही चकती मागून येणाऱ्या छर्ऱ्यांना बाजूला सारते. चौथीत छर्रेच गोल न ठेवता चौकोनी किंवा चपटे करतात, इटली-फ्रान्सकडे ही पद्धत आवडती आहे. असे छर्रे हवेत वेडेवाकडे जातात आणि वेगही लवकर गमावतात. चांगले पसरणारे काडतूस फुल चोकला साधारण दोन पायऱ्या मोकळे करते, म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडरच्या आसपास आणते, आणि तेही 20-25 यार्डांपर्यंत. त्यापुढे फैलावात भोके पडतात आणि ती भोके कुठे पडतील याचा काही नेम नसतो. डब्यावरच्या जाहिरातीत हे शेवटचे वाक्य सहसा नसते.

आता चकतीचा हिशेब करू. 24 ग्रॅमच्या काडतुसात 2.4 मिलिमीटरचे सुमारे 290 छर्रे बसतात. चकतीचा व्यास 110 मिलिमीटर असतो आणि ती कडेने दिसत असेल तर नेमबाजासमोर जेमतेम 25 चौरस सेंटिमीटर क्षेत्र येते. 20 यार्डांवर फुल चोकच्या 40 सेंटिमीटरच्या वर्तुळात त्या कडेवर सरासरीने सहाच्या आसपास छर्रे येतात. चकती फोडायला एवढे लागत नाहीत, म्हणजे निम्म्याहून अधिक शिसे वाया जाते. सरळ नळीच्या 80 सेंटिमीटरमध्ये तोच आकडा दीडवर येतो, म्हणजे चकती छर्ऱ्यांच्या मधून निसटण्याचा धोका उभा राहतो. पसरणाऱ्या काडतुसाने मिळणाऱ्या 65 सेंटिमीटरच्या आसपासच्या वर्तुळात तो दोनच्या जरा वर राहतो आणि चकतीचे तोंड दिसत असेल तर आठापर्यंत जातो. छर्रे वर्तुळात सारखे पसरत नाहीत, मध्याला दाट आणि कडेला विरळ असतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरी त्यातून एवढे कळते की फैलाव फुकट मिळत नाही. छर्रे तेवढेच राहतात, फक्त पातळ पसरतात. नवशिक्याच्या चकतीला हा सौदा परवडतो, कारण तिथे छर्रे गरजेपेक्षा जास्त होते आणि एक-दोन छर्ऱ्यांनी काम भागते.

यावर स्पर्धेची बाजू मांडणारे आक्षेप घेतील आणि तो योग्यच आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत काडतुसाच्या आत फैलाव मुद्दाम वाढवणारा कोणताही बदल चालत नाही. घटक उलटे भरणे किंवा फुली घालणे यांची नावे घेऊनच ते निषिद्ध केलेले आहे. ज्याला मावळंकर स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जायचे आहे, त्याने या काडतुसाची सवय लावूनच घेऊ नये. सरावात मिळालेली सूट स्पर्धेच्या दिवशी मिळणार नाही आणि हात खोट्या भरवशावर बसलेला असेल. आमचा सल्ला त्याच्या आधीच्या पायरीवरच्या माणसासाठी आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एकही चकती न फुटल्याने कंटाळून मैदान सोडणारे बरेच असतात. त्यांची बंदूक आवळलेली आहे एवढ्यासाठी त्यांना गमावणे खेळाच्या हिताचे नाही. चकत्या फुटू लागल्या की साध्या काडतुसावर परत यावे. शिवाय जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते, हे विसरून आधीच काडतूस शोधणारेही कमी नाहीत. त्यांनी पुढचा चाप ओढायला शिकावे, तेवढ्यानेच काम होईल.

दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, नळी तोंडाशी कापून किंवा घासून मोकळी करावी. कापण्याचे नावच काढू नये. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 नुसार वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणे गुन्हा आहे. परवानाधारक कारागिराकडून चोक घासून घेतला तरी गेलेले पोलाद परत येत नाही. लांबचा बार कायमचा जातो आणि दोन नळ्यांचा जमवलेला मेळ बिघडू शकतो. फिरकीचे चोक असलेली नवी बंदूक घ्या, हे सांगणे सोपे आहे. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. जुन्या नळीच्या पातळ भिंतीत आटे पाडणे तर धोक्याचेच. या परिस्थितीत बदलता येण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे काडतूस. मात्र ते दुकानातून आणायचे. घरी काडतूस उघडून पुठ्ठा कोंबण्याचा उद्योग कायद्याने विनापरवाना निर्मितीत जमा होतो, आणि आतला दाब किती वाढला हे फुटलेल्या नळीवरूनच कळते.

आता शेतकऱ्याकडे वळू. हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी नरसी नामदेवच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद अशी पिके असतात आणि रानडुक्कर व रोही यांचा त्रास मराठवाड्यात सगळीकडे आहे तसाच तिथेही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 11 खाली पिकाच्या नुकसानीसाठी परवानगी मिळू शकते. ती नसताना बार टाकणे हा गुन्हा आहे, हे इथे गृहीत धरले आहे. परवानगी मिळालेल्या शेतकऱ्याची मागणी समजण्यासारखी आहे. जनावर रात्री येते, दिसते न दिसते, नेम धरायला सवड नसते, म्हणून छर्रे जितके पसरतील तितके बरे असे त्याला वाटते. पण मघाचाच हिशेब इथे लावला की उत्तर उलटे येते. चकतीचा 2.4 मिलिमीटरचा छर्रा सुमारे 0.08 ग्रॅमचा असतो, त्याने डुकराच्या जाड कातड्याचे काही बिघडत नाही. म्हणून माणूस एल.जी. या मोठ्या छर्ऱ्याकडे वळतो. त्याचा एक दाणा पावणेपाच ग्रॅमचा, जवळजवळ 60 पट जड, पण औंसभर शिशात असे दाणे सहाच असतात. डुकराच्या छातीचा जीवघेणा भाग 20 सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि सहा दाणे 80 सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरले, तर तीन बारांमागे जेमतेम एक दाणा तिथे लागेल. बाकीचे पोटात, मांडीत किंवा मातीत. 40 सेंटिमीटरच्या घट्ट फैलावातही सरासरी दीडच दाणा लागतो, म्हणजे आवळलेली नळीसुद्धा या कामाला काठावरच उत्तीर्ण होते. तिला आणखी पसरवणे म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची व्यवस्था करणे. जखमी डुक्कर छातीएवढ्या हळदीत दडून बसते आणि सकाळी निंदणीला आलेल्या बायांच्या अंगावर येते.

न लागलेल्या दाण्यांचे काय होते हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. गोल छर्ऱ्याच्या कमाल पल्ल्यासाठी फ्रेंच सेनाधिकारी जुर्ने याचा ठोकताळा आजही वापरला जातो. छर्ऱ्याचा इंचांतला व्यास 2200 ने गुणला की पल्ला यार्डांत येतो. चकतीचा छर्रा 190 मीटरच्या आसपास थांबतो, पण एल.जी.चा दाणा 700 मीटरच्या पुढे जातो. मराठवाड्यातल्या शिवारात 700 मीटरमध्ये आखाडा असतो, जागलीवरचा शेजारी असतो, पाणंदीने चाललेला माणूस असतो. नरसीला तर आषाढीनंतरच्या परतवारीला रस्ते भाविकांनी भरलेले असतात आणि नेमके त्याच दिवसांत कोवळे सोयाबीन रानात उभे असते. फैलाव वाढवला की प्रत्येक बाराबरोबर अधिक दाणे नेमाबाहेर जातात. अंधारात नेम धरता येत नाही म्हणून पसरणारे काडतूस मागणारा वस्तुतः असे सांगत असतो की या क्षणी बार टाकायलाच नको. ज्याला फक्त आवाजाने जनावर हुसकायचे आहे त्याला फैलावाशी देणेघेणे नाही. ज्याला पीक खरोखर राखायचे आहे त्याच्यासाठी सौर कुंपण बारा बोरपेक्षा अधिक रात्री जागे राहते. आणि परवानगीने जनावर मारायचेच असेल तर ते काम दिवसाउजेडी, मागे मातीचा बांध पाहून, योग्य शस्त्र असलेल्या सरावाच्या माणसाचे आहे.

चकतीसाठी पसरणारे काडतूस घेणाऱ्यांनी डब्यावर विश्वास ठेवून थांबू नये. एकच काडतूस दोन बंदुकांत वेगळे वागते, एकाच दुनळीच्या दोन नळ्यांतही वेगळे वागते. अधिकृत रेंजवर 20 यार्डांवर मोठा कोरा कागद लावून प्रत्येक नळीतून साधी आणि पसरणारी काडतुसे पुन्हा पुन्हा उडवावीत आणि वर्तुळे आखून भोके मोजावीत. 40 यार्डांची कसोटी इथे निरुपयोगी आहे, कारण हे काडतूस त्या अंतरासाठी नाहीच. कागदावर मध्यभागी मोठे भोक राहत असेल किंवा दर बाराला वेगळेच चित्र उमटत असेल, तर ते काडतूस त्या नळीला लागू नाही असे समजून साध्या नमद्याच्या डाटाकडे वळावे. महाराष्ट्रातल्या परवानाधारकाला बारा बोरचे काडतूस म्हटले की खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे ‘शक्तिमान’ आठवते. तिथल्यासह सर्वच देशी उत्पादकांना आमची विनंती आहे की छर्ऱ्याच्या क्रमांकाइतक्याच ठळक अक्षरांत आतला डाट कोणता आणि काडतूस किती अंतरासाठी आहे, हे मराठी-हिंदीत डब्यावर छापावे. आणि पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या वाचकांनी पसरणारे काडतूस शिवारात नेऊ नये, दुकानदाराने पुढे केले तरी परत करावे.