ताटे घासणार कोण?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वसईच्या कोणत्याही गावात एक फेरी मारावी. वाडीत केळी डोलत असतात आणि कुंपणापाशी कागदी ताटांचा ढीग! "फादर, कागदच तो, कुजून जाईल," असे मला ऐकवले जाते. तो कुजत नाही. रस्सा झिरपू नये म्हणून अशा बहुतेक ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. जाळली तर विषारी धूर, पुरली तर तो थर मातीत तसाच. २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली, तेव्हा आपण शोधलेली ही पळवाट!

अडचण पैशांची नाही. आपल्या सभागृहातील स्टीलची ताटे कपाटात धूळ खात पडली आहेत. ती घासणार कोण, हा खरा प्रश्न. आणि तो रास्तही आहे, कारण आजवर ती आपल्या आयाबहिणींनीच घासली. मग आता पुरुषांनी बाह्या सराव्यात. वस्तू फेकून न देता पुन्हा वापरणे हीदेखील प्रेमाची कृती ठरू शकते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले आहे. उपवासकाळात मांस सोडणाऱ्या आपल्याला हे जड का जावे?

येत्या सणाला पहिली पन्नास ताटे घासायला मी बसणार आहे. शेजारची जागा रिकामी आहे.