पंप ठीक, फोन ठीक. मग निरोप कुठे अडतो?

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात मोटारीला मोबाइल स्टार्टर जोडणे ही आता हौस राहिलेली नाही. शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी ठरलेली असते, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. रात्रपाळीत लाईट आली की घरातल्या कोणाला तरी उठून विहिरीवर जावे लागते, हिरवे बटण दाबून उसाच्या कडेने परत यावे लागते. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले वाढवते. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांना बिबट्याची दहशत नवी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंचरजवळ लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, तो शिरूरच्या पिंपरखेडमधल्या मृत्यूंनंतर उसळलेल्या संतापातून.

फोनवरून मोटार सुरू करण्याची सोय याच जिल्ह्यात घडली आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळाले. त्यानंतर बाजारात अशी कितीतरी यंत्रे आली. साधा ऑटो स्विच मात्र वेगळा. लाईट येताच तो मोटार आपोआप सुरू करतो, आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की रोहित्रावर भार येऊन ते जळते. म्हणून महावितरण ऑटो स्विच बसवू नका असे वारंवार सांगते. फोनवरून हवी तेव्हा मोटार चालू करता येणारे यंत्र हा त्याहून शहाणा मार्ग आहे.

पण ते यंत्र जुन्या स्टार्टरला जोडले की तक्रारी सुरू होतात. मोटार चांगली असते, स्टार्टर चांगला असतो, नवी पेटीही चांगली असते. स्टार्टर आणि पेटी या दोघांमधला निरोप पोहोचत नाही. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला. शेतकरी पुन्हा पैसे मोजतो. कित्येकदा बोर्डाला काहीही झालेले नसते.

खरे तर दोष शोधायचा क्रम सोपा आहे. आधी स्टार्टरचे बटण हाताने दाबावे. मोटार चालली तर स्टार्टरवरचा संशय संपला. मग पेटीतले सिम साध्या फोनमध्ये घालून पाहावे. रिचार्जची मुदत संपलेली असते, सिमला पिन लॉक असतो, किंवा यंत्र टूजीचे आणि सिम फक्त फोरजी-फाइव्हजी चालवणाऱ्या कंपनीचे असते. सिम ठीक असेल तर अँटेना पाहावी. पत्र्याच्या बंद पेटीत कोंडलेल्या अँटेनापर्यंत लहर पोहोचत नाही. ती बाहेर काढून उंच लावली की पुष्कळदा काम भागते. आहुप्याच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाच्या गावांत रेंजच क्षीण, तिथे हा इलाज पहिला करावा.

एवढे करून फोन लागतो, आत रिलेचा टक् आवाज येतो, पण स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर ओढत नाही? हिरव्या बटणाला समांतर जोडायच्या दोन तारा चुकल्या आहेत. ओढतो आणि लगेच सोडतो? होल्डिंगची किंवा लाल बटणाच्या मार्गातली तार पाहावी. मिनिटभर चालून बंद पडते? मोटारीच्या तारेभोवतीची सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारी कडी, भलत्याच तारेवर आहे किंवा तिचा अँपिअरचा आकडा चुकीचा भरला आहे. त्यामुळे पाणी असूनही यंत्राला विहीर कोरडी वाटते. सीटी नसलेली स्वस्त पेटी तर आणखी फसवते. ‘मोटार सुरू’ असा संदेश ती धाडते तो आपण हुकूम दिला एवढ्याच आधारावर. मोटार खरोखर फिरते आहे का, हे तिला कळतच नाही. आणि या तारांत ४१५ व्होल्ट खेळत असतात. मेन बंद करून, वायरमनकडूनच हे काम करून घ्यावे.

हे दुखणे फक्त इथले नाही. थंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या हीट पंपाला दूरनियंत्रणाचा अॅडॉप्टर जोडला की हेच घडते: निरोप नेणाऱ्या ए आणि बी या दोन तारांची अदलाबदल, दोन्ही यंत्रांत वेगळा वेग, चुकीचा पत्ता. आरएस-४८५ नावाच्या या वाहिनीच्या तारांना वेगवेगळे उत्पादक उलटसुलट नावे देतात, त्यामुळे जोडणीचा नकाशा हातात नसलेला कारागीर अंदाजानेच तारा जोडतो. त्या वाहिनीवर बोलली जाणारी मॉडबस भाषा १९७९ पासूनची आणि सर्वांना खुली आहे. पीएम-कुसुम योजनेच्या सौरपंपातही कंट्रोलर आणि दूरनियंत्रणाची पेटी तिच्यातच बोलतात. मात्र कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ही यादी कंपनीने दिली नाही तर भाषा खुली असून उपयोग काय?

निरोप अडण्याचे आणखी एक कारण म्हणजे तारांतला गोंगाट. हा विषयही जुन्नर तालुक्याला परका नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, शेताशिवारांत पसरल्या आहेत आणि ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीशी जोडल्या आहेत. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांनी होणारा रेडिओ गोंगाट आटोक्यात ठेवण्यासाठी तिथल्या अभियंत्यांना सतत झटावे लागते. मोटारीच्या केबलला खेटून नेलेली कंट्रोलची बारीक तार तसाच गोंगाट उचलते. ती वीतभर दूर न्यावी, अर्थिंग नीट करावे. नारायणगावच्या बाजारातून यंत्र घेणाऱ्याला हे विक्रेत्याने सांगायलाच हवे.

म्हणून मागणी साधी आहे. मोबाइल स्टार्टर असो की अनुदानाचा सौरपंप, प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत मराठीत जोडणीचा नकाशा आणि दोषांचा तक्ता चिकटवलेला असावा. सौरपंपाला ५ वर्षांच्या देखभालीची अट आहेच. तिच्यात ‘संपर्क तुटला’ ही तक्रारही धरावी. आयटीआयच्या वायरमन अभ्यासक्रमात या जोडणीचा धडा हवा. नकाशा न देणाऱ्या कंपनीला सरकारी यादीत जागा देऊ नये, आणि शेतकऱ्यानेही नकाशा हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.