किड्यांची केवायसी

गुलाब लावणं ही हौस आहे. पण आपण गुलाब लावलेत हे चारचौघांना कळणं ही आपत्ती आहे. आमच्या गॅलरीत पाच कुंड्या असल्याचं सोसायटीत जाहीर झालं आणि येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी कुंडीत डोकावू लागला. या साऱ्यांच्या सल्ल्याचा गोषवारा एकच : फवारा! कोंबावर हिरवे ठिपके दिसले, फवारा. पान पिवळं पडलं, फवारा. पान कातरलं गेलं, फवारा. या फवारासंप्रदायाशी माझा उभा दावा आहे.

मी बँकेत कारकून. सख्खा मेहुणा जरी आला तरी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेतल्याशिवाय मी त्याचं खातं उघडत नाही. पण मागल्या हिवाळ्यात मीच, वीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळणारा बी.कॉम. माणूस, कुणाचीही ओळख न पटवता एका संध्याकाळी गॅलरीत सरसकट हत्याकांड करून बसलो.

झालं असं की, कोवळ्या कोंबांवर मावा आला. मावा म्हणजे चक्रवाढ व्याजाचा किडा. त्याच्या मादीला नराची गरज पडत नाही. ती थेट पिल्लांना जन्म देते आणि त्या पिल्लांच्या पोटात नातवंडं तयार असतात! त्याला आवतणही मीच धाडलं होतं. मूठभर युरिया घातला, लुसलुशीत पालवी फुटली आणि माव्याची पंगत बसली. त्या पंगतीत काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी काही ध्यानं हिंडत होती. हेच टोळीचे म्होरके, असं ठरवून मी शेजारच्या काकांनी दिलेल्या, लेबल निघालेल्या बाटलीतलं औषध फवारलं. मावा मेला, ध्यानंही मेली. मी मिशीवर ताव दिला.

दहा दिवसांनी मावा परत आला. ध्यानं आली नाहीत. पाठोपाठ पानांखाली लाल कोळी जाळी विणू लागले. मग पुस्तक उघडलं. ती ध्यानं म्हणजे ढालकिड्याची पिल्लं! एकेक पिल्लू वाढता वाढता शेकडो मावा फस्त करतं. म्हणजे बिनपगारी पहारेकरी मी चोर समजून मारला होता. कोळ्यांना खाणारे किडेही त्याच फवाऱ्यात गेले.

आई एवढंच म्हणाली, "अरे, देवाला वाहायची फुलं ती. आणि धाकटी पाकळ्या चघळते, ठाऊक आहे ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषाला 'औषध' म्हणायची आपली पद्धत मोठी सोयीची आहे. एन्डोसल्फानही दुकानात औषध म्हणूनच मिळायचं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यावर बंदी घालावी लागली.

"मग काय कीड पोसायची?" असं फवारावाले विचारतील. नाही हो! आधी तिची केवायसी करायची. पानाच्या कडा पंचिंग मशीननं पाडाव्यात तशा गोल कातरल्यात? ती पानं कापणारी मधमाशी. ती पान खात नाही, पिल्लांच्या घरट्याला अस्तर म्हणून नेते. नेऊ द्या. काळे डाग पडून पान पिवळं पडलंय? ती बुरशी, कीटकनाशकाला ती भीक घालत नाही. डागाळलेली पानं खुडून कचऱ्यात टाका आणि रोजचं पाणी मुळाशी घाला. मावा किंवा कोळी असेल, तर तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याची जोरदार चिळकांडी मारा. म्हणजे दिवसभराच्या उन्हात पानंही वाळतात. तरीही बधले नाहीत, तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही उन्हं उतरल्यावर. आणि युरियाचं कर्ज वाटणं बंद!

परवा काका पुन्हा बाटली घेऊन आले. मी म्हटलं, "काका, आधी किड्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणा."

काका रागावून गेले. जाऊ देत. तिसऱ्या कुंडीत या हिवाळ्यात एक ढालकिडा रुजू झालाय. त्याचं खातं मात्र मी फोटो न मागता उघडलंय.