अक्षरांआधीं शब्द : कोरियांतील बालकांचा ओनामा

गेल्या जून महिन्यांत नववीच्या वह्या तपासतांना एका मुलीच्या वहीच्या शेवटल्या पानावर मला कांहीं वर्तुळें, चौकोन आणि आडव्याउभ्या रेघा नीट ओळीनें मांडलेल्या आढळल्या. "हें काय ग?" असें विचारतांच ती लाजून म्हणाली, "सर, हें माझें नांव आहे, कोरियन अक्षरांत." अधिक चौकशी करतां समजलें कीं, वर्गांतील सात-आठ मुलींनीं कोरियन गाणीं व मालिका यांच्या नादानें ही लिपि मे महिन्याच्या सुटींत अवघ्या आठ दिवसांत हस्तगत केली होती. मीं त्यांचें कौतुक केलें आणि सहज विचारलें, "'मला तहान लागली आहे' हें त्या भाषेंत कसें म्हणावें?" सर्वजणी एकमेकींकडे पाहूं लागल्या. अक्षरें घरांत आलीं होतीं. भाषा मात्र अद्यापि उंबरठ्याबाहेर तिष्ठत होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळूं लागला. ज्या देशाची ही लिपि, त्या देशांतील चारसहा वर्षांचीं मुलें तिचा ओनामा कसा करतात? परक्या मुलीस जी आठ दिवसांत येते, ती तेथील बालकांस पाळण्यांतच येत असेल, असें कोणासहि वाटेल. मिळालीं तीं पुस्तकें वाचून मीं या विषयाचा यथाशक्ति अभ्यास केला, आणि त्यावरून माझें जें मत झालें तें विद्यार्थी व पालक यांजपुढें मांडीत आहें. तें थोडक्यांत असें कीं, मुलाच्या हातीं पेन्सिल देण्यापूर्वीं त्याच्या कानीं व मुखीं शब्दांचा भरपूर सांठा असला पाहिजे. आणि लिपि जितकी सोपी, तितका या गोष्टीचा विसर पडण्याचा धोका अधिक.

प्रथम त्या लिपीविषयीं दोन शब्द. पंधराव्या शतकापर्यंत कोरियन लोक बोलत आपली भाषा, परंतु लिहीत चिनी अक्षरांत. सामान्य शेतकऱ्यास तीं हजारों अक्षरें शिकणें दुरापास्त होतें. हें जाणून सेजोंग राजानें १४४३ मध्यें २८ अक्षरांची नवी लिपि सिद्ध केली आणि १४४६ मध्यें ती प्रजेस दिली. आज तिच्यांत मूळ अक्षरें २४ आहेत. पैकीं १४ व्यंजनें व १० स्वर. मूळ व्यंजनांचे आकार उच्चार करणाऱ्या अवयवांवरून घेतलेले आहेत. 'म'चें अक्षर मुखासारखें चौकोनी. 'न'चें अक्षर टाळूकडे टेकलेल्या जिभेसारखें. या 'न'वर एक रेघ वाढविली कीं 'द' होतो, आणखी एक वाढविली कीं 'थ' होतो. स्वर व्यंजनाच्या उजवीकडे किंवा खालीं जोडतात, आपल्या काना व उकार यांसारखेच. त्यांच्या बाराखडीच्या आरंभीं 'गा, ग्या' येतात. म्हणून १९२६ मध्यें कोरियन विद्वानांनीं या लिपीचा उत्सव प्रथम साजरा केला, तेव्हां त्यास 'गाग्या दिन', म्हणजे जणूं 'बाराखडी दिन', असें नांव दिलें. दक्षिण कोरियांत आज तो ९ ऑक्टोबरला 'हांगुल दिन' म्हणून पाळतात.

निरक्षर मनुष्याविषयीं तेथें एक म्हण आहे : विळा पुढ्यांत ठेवला तरी त्याला 'ग' ओळखूं येत नाहीं. कारण 'ग'चें अक्षर हुबेहूब विळ्यासारखें वांकडें असतें. गंमत अशी कीं, ज्या विळ्यानें हें अक्षर इतकें सोपें केलें, तोच विळा लिहावयाचा म्हटला म्हणजे मुलांना जड जातो. विळ्यास त्या भाषेंत 'नात्' म्हणतात. दिवसाउजेडीच्या वेळेसहि 'नात्' म्हणतात, आणि चेहऱ्यासहि 'नात्'च म्हणतात. उच्चार तिहींचा एक. परंतु लिहितांना शेवटचें व्यंजन पहिल्यांत 'स', दुसऱ्यांत 'ज' व तिसऱ्यांत 'छ' असें निरनिराळें येतें. हा भेद कानाला केव्हां कळतो? त्या शब्दापुढें कर्त्याचा प्रत्यय आला म्हणजे. मग 'नाशी', 'नाजी', 'नाछी' असे तीन वेगळे उच्चार होतात. १९३३ मध्यें कोरियन शुद्धलेखनाचे जे नियम ठरले, त्यांत शब्दाचें मूळ रूप लेखनांत राखावयाचें असें धोरण आहे. याचा अर्थ काय? ज्या मुलानें विळा, दिवस आणि चेहरा यांविषयीं पुरीं वाक्यें पुष्कळ वेळां ऐकलीं व बोललीं आहेत, त्यालाच तें लपलेलें व्यंजन आठवेल. ज्यानें नुसतीं अक्षरें घोटलीं, तो तिन्ही ठिकाणीं एकच 'नात्' लिहून मोकळा होईल. शुद्धलेखनाचें मूळ असें शब्दसंग्रहांत आहे.

ही गोष्ट तेथील एका जुन्या पंडितानेंहि ओळखली होती. त्या काळीं मुलांना 'सहस्राक्षरी' नांवाचा चिनी ग्रंथ पाठ करावा लागे. छ्वे सेजिन या विद्वानानें १५२७ मध्यें बालकांसाठीं ३,३६० चिनी अक्षरांचें एक नवें पुस्तक रचलें आणि प्रत्येक अक्षराचा अर्थ व उच्चार सेजोंगच्या लिपींत दिला. जुन्या ग्रंथांत मुलांच्या नित्य पाहण्यांतील पशु, पक्षी, झाडें व वस्तु यांचीं नांवें थोडीं, ही त्याची तक्रार होती; म्हणून त्यानें अशा वस्तूंस प्राधान्य दिलें. आधीं वस्तु, मग तिचें नांव, आणि त्यानंतर नांवाचें अक्षर, हा क्रम जवळजवळ पांचशें वर्षांमागें एका शिक्षकाला सुचला. आज तो आपण विसरावा काय?

शब्द कसे वाढवावे? याला दाम पडत नाहीं. कोरियन भाषेंत आपल्याप्रमाणेंच नादानुकारी शब्दांची लयलूट आहे. आपली चांदणी लुकलुकते, तर त्यांची 'पान्चाक्-पान्चाक्' करते; आपला ओढा झुळझुळ वाहतो, तर त्यांचा 'चोल्चोल्' वाहतो. हे शब्द मूल हंसतखेळत उचलतें आणि एकच अवयव दोनदां येत असल्यामुळें पुढें वाचतांनाहि चटकन ओळखतें. दुसरें साधन म्हणजे नातीं. मोठ्या बहिणीस मुलगा 'नूना' म्हणतो व मुलगी 'ऑन्नी' म्हणते. तिसरें साधन आदर. आपल्या जेवणास 'पाप्', पण आजोबांच्या जेवणास 'चिन्जी'. आजोबांना जेवावयास बोलावण्याचें काम लहानग्यावर सोंपविलें, तर शब्द व शिष्टाचार हीं दोन्हीं एकाच हांकेंत शिकून होतात. चौथें साधन शब्दांच्या भेंड्या. मागल्या शब्दाचा शेवटचा अवयव घेऊन पुढचा शब्द सांगावयाचा : 'गिछा' म्हणजे आगगाडी, त्यावरून 'छाप्यो' म्हणजे तिकीट, त्यावरून 'प्योबॉम' म्हणजे बिबळ्या. या खेळांत मुलाच्या नकळत त्याचा कान शब्दाचे तुकडे पाडूं लागतो. आणि लिहिणें म्हणजे तरी दुसरें काय?

शब्द असे रुळले म्हणजे लेखनाची पाळी येते, व तेथेंहि पायरीपायरीनें जावें. आरंभीं केवळ स्वरांचे शब्द : 'आइ' म्हणजे मूल, 'ओइ' म्हणजे काकडी, 'उयु' म्हणजे दूध. मग 'नामु' म्हणजे झाड, 'नाबि' म्हणजे फुलपांखरूं, 'बादा' म्हणजे समुद्र. शेवटीं व्यंजनान्त शब्द : 'सान्' म्हणजे डोंगर, 'दाल्' म्हणजे चंद्र. यासाठीं मुलांना मोठ्या चौकटींची वही देतात. मुळ्याच्या चौकोनी फोडींचें 'काक्दुगी' नांवाचें एक लोणचें तेथें घरोघर असतें. त्यावरून या वहीसहि लोक 'काक्दुगी वही' म्हणतात. पुढें येते चित्रमय रोजनिशी. पानाच्या वरल्या भागीं दिवसांतील एका गोष्टीचें चित्र काढावें आणि खालीं चौकटींत दोन ओळी लिहाव्या. मला ही रीत फार आवडते. कारण तीत मुलाजवळ आधीं सांगण्यासारखें कांहीं असतें, आणि लिहिणें त्या सांगण्याच्या सेवेस येतें.

याच्या उलट श्रुतलेखनाची रीत. दहा वाक्यें सांगावयाचीं, प्रत्येकास दहा गुण, आणि शंभरांतून कमी पडले कीं घरीं अश्रु! हा प्रकार तेथील पालकांच्याहि चांगला परिचयाचा आहे. मूल मागें पडूं नये म्हणून शाळेंत जाण्यापूर्वींच अक्षरांची शिकवणी लावणारीं घरें कोरियांत पुष्कळ आहेत. त्याचा परिणाम असा झाला कीं, मुलांना अक्षरें येतच असतील असें शाळाहि गृहीत धरूं लागल्या, आणि ज्याला शिकवणी मिळाली नाहीं तें गरिबाचें मूल पहिल्याच दिवशीं मागें पडलें. हा अन्याय ओळखून दक्षिण कोरियाच्या सरकारनें २०१७ पासून पहिलीच्या वर्गांतील अक्षरशिक्षणाचे तास २७ वरून साठांहून अधिक केले. तीन ते पांच वर्षांच्या मुलांचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१९ मध्यें सुधारला, त्यांतहि खेळास अग्रस्थान दिलें आहे. ज्या देशांत अभ्यासाची चुरस प्रसिद्ध आहे, त्या देशास "थोडें थांबा" असें म्हणावें लागलें, हें आपण ध्यानांत घ्यावें.

येथें मला माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. माझा मुलगा चार वर्षांचा असतांना मी त्याला रोज सायंकाळीं 'क'चें एक पान लिहावयास बसवीत असें. मी शिक्षक, माझें मूल सर्वांच्या पुढें असावें, हा अभिमान. एके दिवशीं पेन्सिल कोठें सांपडेना. शेवटीं ती तांदळाच्या डब्याखालीं मिळाली. मी रागावलों, तेव्हां तो रडत म्हणाला, "बाबा, 'क' अजून संपला नाहीं का हो?" माझ्या आईनें तें ऐकलें. ती फारशी शिकलेली नव्हती, पण ती म्हणाली, "अरे, त्याला आधीं कांहीं सांगावंसं तरी वाटूं दे!" दुसऱ्या दिवसापासून ती त्याला घेऊन बाजारांत जाऊं लागली. मेथी, शेपू, चवळी, अळू; प्रत्येकाचें नांव, प्रत्येकाचा वास, प्रत्येकाची गोष्ट. सहा महिन्यांनीं तो आपण होऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "बाबा, शेपू कसा लिहायचा?" मीं पदवी घेतली, अध्यापनाचें शिक्षण घेतलें, पण बालशिक्षणाचा हा धडा मला भाजीच्या पिशवीनें दिला.

कांहीं पालक म्हणतील, "आम्ही थांबलों आणि शेजाऱ्यांचें मूल पुढें गेलें तर?" ही भीति खोटी नाहीं, मीहि ती भोगली आहे. परंतु थांबणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. रोज अर्धा तास मुलाशीं बोलणें, त्याला गोष्ट सांगणें व त्याची गोष्ट ऐकून घेणें, हें पान भरून घेण्यापेक्षां कष्टाचें काम आहे. पान भरवून घेतां घेतां आपल्याला दूरध्वनियंत्रावर बोटें फिरवितां येतात. गोष्ट ऐकतांना येत नाहींत. मला वाटतें, आपल्या घाईचें खरें कारण पुष्कळदां हेंच असतें. शिवाय ज्या मुलास स्वतःहून अक्षरांची ओढ लागली आहे त्याला अडवावें, असें मी म्हणत नाहीं. त्यानें विचारावें आणि आपण दाखवावें. ओढ मात्र त्याची असावी.

शब्दांचें मोल कोरियन लोकांनीं फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे. १९१० ते १९४५ या काळांत तो देश जपानच्या ताब्यांत होता. जू सी-ग्यॉंग (१८७६-१९१४) या वैयाकरणानें आपल्या साथीदारांसह एक कोश आरंभिला होता. त्याचें नांव 'मालमोई', म्हणजे शब्दांचा सांठा. तो त्याच्या हयातींत पुरा झाला नाहीं. १९३८ पासून शाळांतून कोरियन भाषेची पाठवणी होऊं लागली, आणि १९४२ मध्यें नवा कोश रचीत असलेल्या कोरियन भाषा मंडळाच्या विद्वानांची धरपकड झाली. त्यांपैकीं दोघे तुरुंगांतच मरण पावले. कोशाचें जप्त झालेलें हस्तलिखित स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४५ मध्यें सोल स्थानकाच्या गुदामांत सांपडलें. त्याचा पहिला खंड १९४७ मध्यें व सहावा, शेवटचा, १९५७ मध्यें निघाला. विचार करा : त्या काळीं ही सोपी लिपि होतीच. परंतु शाळेंतून शब्द गेले तर नुसतीं अक्षरें काय राखतील, या चिंतेनें त्या लोकांनीं कारावास पत्करला. ज्या घरांत मूल व आईबाप यांचें बोलणें खुंटलें आहे, त्या घरांत कोणीहि बंदी न घालतां हीच हानि रोज थोडीथोडी होत असते.

विद्यार्थिनींनो, तुम्ही नवी लिपि शिकलांत याचा मला आनंदच आहे. पुण्याच्या आसपास आज कोरियन कारखाने आहेत; उद्यां तुमच्यापैकीं कोणास त्या भाषेचा उपयोगहि होईल. परंतु आपलें नांव लिहून थांबूं नका. घरांतील दहा वस्तूंचीं नांवें शिका, दहा क्रियापदें शिका, आणि तीं एकमेकींशीं बोला. आणि पालकहो, आज सायंकाळीं मुलाच्या वहींत किती ओळी झाल्या हें विचारण्याआधीं, आज त्यानें कोणता नवा शब्द आणला हें विचारा.

जातां जातां, त्या नववीच्या मुलीची हकीकत पुरी करतों. पंधरा दिवसांनीं मधल्या सुटींत ती धांवत येऊन म्हणाली, "सर, 'मोगी मल्लायो'! मला तहान लागली आहे." मीं विचारलें, "शब्दशः अर्थ काय?" ती क्षणभर थांबली, मग हंसून म्हणाली, "'घसा कोरडा पडला.' सर, हें तर आपल्यासारखंच आहे!" त्या क्षणीं भाषेनें उंबरठा ओलांडला होता.