सिंहदरबार जळाला, सत्ता मात्र त्याच आवारात

काठमांडूतील सिंहदरबार ९ सप्टेंबर २०२५ रोजी जमावाने पेटवून दिला. धुराने वेढलेले त्याचे पांढरे खांब जगभर दिसले. संसद आणि सर्वोच्च न्यायालयही त्या दिवशी आगीतून सुटले नाही. पण नेपाळी माणसाच्या लेखी 'सरकार' या शब्दाचा पत्ता सिंहदरबार हाच आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राणा पंतप्रधान चंद्रशमशेर यांनी हा राजवाडा स्वतःसाठी बांधला आणि पुढे सरकारलाच विकला. विकणारे तेच आणि सरकारही त्यांचेच! राजा नामधारी आणि पंतप्रधानपद घराण्यात, अशी ती राजवट १९५१ मध्ये संपली. नव्या राज्यकर्त्यांनी मात्र राजवाड्यातच मंत्रालये थाटली. १९७३ च्या आगीत त्याचा बहुतांश भाग नष्ट झाला, तरी पश्चिमेकडील दर्शनी भाग वाचवून कारभार तेथेच चालू राहिला. २०१५ च्या भूकंपाने वास्तूला हादरे दिले, सत्तेचे ठिकाण तेवढे बदलले नाही.

त्याच वर्षीच्या राज्यघटनेने सात प्रांत आणि पुढे ७५३ स्थानिक सरकारे आणली. 'गावागावात सिंहदरबार' ही त्या वेळची लोकप्रिय घोषणा. पैसा, बदल्या आणि निर्णय यांच्या किल्ल्या मात्र राजधानीने सहजासहजी सोडल्या नाहीत. प्रांतांची हीच तक्रार आहे आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

२६ समाजमाध्यमांवर ४ सप्टेंबरला घातलेली बंदी हे निमित्त ठरले. भ्रष्टाचार आणि नेत्यांच्या मुलांचे ऐश्वर्य यांविषयीचा तरुणांचा राग जुनाच होता. ८ सप्टेंबरच्या गोळीबारात १९ जणांचा बळी गेला, त्यानंतर तो राग आवरणे कोणालाच शक्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. एकूण मृतांची संख्या पुढे सत्तरच्या वर गेली.

राजवाडा पुन्हा रंगवता येईल. जळालेल्या दप्तरांचे तसे नाही. ज्यांच्या चौकशीसाठी तरुण रस्त्यावर आले, त्यांच्याच कारभाराचे पुरावे त्या आगीत गेले असतील, तर फायदा कोणाचा?

माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी १२ सप्टेंबरला हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. पंतप्रधान कार्यालय जळालेले असल्याने त्यांनी सूत्रे हाती घेतली ती गृह मंत्रालयासाठी बांधलेल्या नव्या इमारतीत. ती इमारतही सिंहदरबारच्याच आवारात आहे.