चिठ्ठी आम्हाला कळली पाहिजे

दोस्तांनो, दासगाव काय, महाड काय, पोलादपूर काय, ताप आला की आपला माणूस दवाखान्यात एकच मागतो: सुई मारा. सुईशिवाय गुण नाही, सलाईनशिवाय ताकद नाही, हे आपल्या वस्तीत देवासारखं बसवलंय. कुणी बसवलं? ज्यांचा गल्ला त्यावर भरतो त्यांनी.

जरा हिशेब मांडू. अर्ध्या लिटरच्या मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. साखरेच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, जो शुद्धीवर नाही, त्याला ती बाटली जीवदान आहे. पण जो बसून पेज पितोय त्याच्या शिरेत चमचाभर मीठ सोडायचं आणि त्याचा रोज कापून घ्यायचा, हा उपचार नाही, लूट आहे. सर्दी विषाणूची, तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. तरी चिठ्ठीवर ते आहेच. जोडीला टॉनिक, जोडीला एका गोळीत तीन औषधं.

मग औषधच नको? तसं नाही. सावित्रीला पूर येतो, चिखलात उंदराचं मूत मिसळतं, पायाच्या चिरेतून लेप्टो अंगात शिरतो. जुलै 2005 मध्ये दरडीखाली माणसं गमावलेल्या दासगावला पावसाचा अर्थ शिकवावा लागत नाही. लेप्टोत डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. ताप ओळखायचं सोडून तीन दिवस नुसत्या सुया टोचल्या, तर किडनी आणि लिव्हर जातात. नको ते दहा देणारा नेमकं हवं ते एक चुकवतो. मरतो आपला.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. 1975 साली हाथी समितीने आवश्यक औषधांची यादी दिली, ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढा म्हणून सांगितलं. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातला औषधांचा पुरवठा आणि वापर तपासून 1998 साली पुस्तक काढलं. 10 मार्च 2016 ला सरकारने 344 मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या. सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी घालावी लागली. तोवर ती गोळी कुणाच्या पोटात गेली? शहाणपण वरच्यांच्या फायलीत, सुई आपल्या ढुंगणात!

पूर्वी पोथी आपल्याला वाचू दिली नाही. आता चिठ्ठी वाचता येत नाही. अक्षर गिचमिड, नाव कंपनीचं, आणि विचारलं तर, तुला काय कळतंय?

कळतंय. दासगावच्या आर. बी. मोरेंनी 1927 ची महाड परिषद उभी करायला जिवाचं रान केलं, ते आपण खाली मान घालून उभं राहावं म्हणून नव्हे. पोरांनो, 20 मार्चला मुंबईहून महाडला येता, घोषणा देता. द्याच. पण एक दिवस जास्त थांबा. वस्तीतल्या आयाबायांच्या चिठ्ठ्या हातात घ्या. डॉक्टरला चार प्रश्न विचारायला त्यांना शिकवा: मला झालंय काय? हे औषध कशासाठी? किती दिवस? नाही घेतलं तर काय होईल? सरकारी आरोग्य केंद्रात औषध नसेल तर लेखी मागा, पोच घ्या.

आणि जो डॉक्टर सुई नाकारून समजावून सांगतो, त्याचा दवाखाना ओस पडू देऊ नका. तो आपला माणूस आहे.

जयभीम!